एकाच विनोदावर घरातले सगळे का हसत नाहीत?

नाशिकच्या सिडकोत पवननगरला माझ्या मामांचं घर आहे. मूळचं योजनेतलं बैठं घर, पुढे मामांनी त्यावर मजला चढवला. खाली हॉल, त्याला लागून स्वयंपाकघर, मधे दार नाही, नुसता पडदा. गेल्या मे महिन्यात मी तिथे आठवडाभर राहायला होते. रोज रात्री जेवणाआधी टीव्हीवर एक हलकीफुलकी कौटुंबिक मालिका लागायची. तिचं नाव सांगत नाही, कारण प्रश्न तिच्या एकटीचा नाही. अशा मालिका आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. एक घर, त्यात आजोबा, नवरा-बायको, दोन मुलं, एक आगाऊ शेजारी आणि दर भागात एक नवा घोळ.

भाग संपला की ठरलेला वाद व्हायचा. आजी म्हणायची, "बरं असतं गं, डोक्याला ताप नाही." मामा म्हणायचे, "तेच तेच उगाळतात. पण राहू दे, चालू दे." मामेबहीण रेणू एकोणीस वर्षांची. ती मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणायची, "किती बोअर आहे हे!" आणि अकरा वर्षांचा सोहम म्हणायचा, "अजून एक लावा ना." मालिका एक आणि निकाल चार. तरी दुसऱ्या दिवशी साडेआठला चौघंही त्याच हॉलमध्ये हजर.

मला याचं नवल वाटलं. म्हणून एका रात्री मी टीव्हीकडे पाठ करून बसले. वहीत चार रकाने आखले: आजी, मामा, रेणू, सोहम. कोण कुठल्या जागेला हसतं, ते टिपायला लागले. भाग संपल्यावर वही पाहिली, तर चौघांच्या खुणा एकाच ओळीवर आल्यात अशा जागा फारच थोड्या होत्या. बहुतेक ठिकाणी एक जण हसला होता आणि बाकीचे गप्प होते. अशा मालिकांबद्दल घराघरांत जी उलटसुलट मतं असतात, त्यांचं मूळ मला या वहीत दिसलं. ते नीट उलगडायचं तर आधी हा प्रकार चालतो कसा, ते पाहायला हवं.

या प्रकाराचं इंग्रजी नाव सिटकॉम, म्हणजे 'सिच्युएशन कॉमेडी'चं लघुरूप. आपण त्याला प्रसंगनिष्ठ विनोदी मालिका म्हणतो. यात कोणी चुटके सांगत नाही. ओळखीच्या माणसाला अडचणीत टाकायचं, आणि तो आपल्या स्वभावाला धरून वागला की अडचण आपोआप वाढते. चिकट माणूस चिकटपणाच करणार, हे आपल्याला पक्कं माहीत असतं. या वेळी तो कोणत्या थराला जातो, एवढंच बघायचं असतं. दुसरी अट अशी की भाग संपताना घर पुन्हा होतं तसं झालं पाहिजे. कोणी मरत नाही, कोणाची कायमची ताटातूट होत नाही, कोणी शहाणा होऊन सुधारतही नाही. रोजच्या गंभीर कौटुंबिक मालिकेत काल काय झालं ते आज उलटतं. इथे पाटी दर भागाला पुसली जाते. मधले चार भाग चुकले तरी आजीचं काही अडत नाही, ते यामुळेच.

या मालिकांमधला सोफा नेहमी बरोबर मध्यभागी का असतो आणि सगळी माणसं आपल्याकडे तोंड करूनच का बसतात, असा प्रश्न सोहमने मला विचारला होता. उत्तर रंगमंचाकडे जातं. अमेरिकेत १९५१ साली 'आय लव्ह लुसी' सुरू झाली, तेव्हा ती खऱ्या प्रेक्षकांसमोर, नाटकासारखी सलग सादर करून, एकाच वेळी तीन कॅमेऱ्यांनी फिल्मवर टिपली जायची. तीन कॅमेरे आणि प्रेक्षक एका बाजूला म्हटल्यावर घराची चौथी भिंत उघडी ठेवणं आलं. आपल्याला ही मांडणी नवी वाटत नाही, कारण मराठी नाटकाचा दिवाणखाना असाच असतो. मागे जिना, डाव्या अंगाला बाहेरचं दार, उजवीकडे स्वयंपाकघर. नाशिकच्या कालिदास कलामंदिरात पडदा उघडल्यावर हे दृश्य आपण कितीदा तरी पाहिलंय.

हिंदीत १९८४ मध्ये दूरदर्शनवर 'ये जो है ज़िंदगी' आली. शरद जोशींचं लेखन आणि घरात राहणारी ठरलेली माणसं. त्यात सतीश शाह जवळपास दर भागात वेगळीच भूमिका घेऊन यायचे. ही युक्ती फार हुशारीची होती. घर तेच ठेवायचं आणि दारातून येणारा गोंधळ तेवढा बदलायचा. मराठीत त्याच्याही आधी, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, मुंबई दूरदर्शनवर चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ अवतरले होते. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. पुढे दोनेक दशकांनी तेच प्रभावळकर 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मधले आबा झाले. २००१ मध्ये तेव्हाच्या अल्फा मराठीवर सुरू झालेली, केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी'वर बेतलेली होती.

टिपऱ्यांपाशी जरा थांबते, कारण सगळ्यांना पुरणारी मालिका कशी विणतात, याचा याहून चांगला मराठी नमुना मला माहीत नाही. घरात तीन पिढ्या. आबा, मुलगा शेखर आणि सून श्यामला, नातवंडं शलाका आणि शिऱ्या. मालिका चालू होती तेव्हा मी शाळेत होते आणि मला फक्त शिऱ्या दिसायचा. बाकीचे बोलत असले की तो पुन्हा कधी येतो याची वाट बघायची. परवा तेच जुने भाग पुन्हा पाहिले, तर माझी नजर श्यामलाच्या मागे फिरत होती. भाग बदलले नव्हते, माझा रकाना बदलला होता. शाळकरी पोरीसाठी आणि पस्तिशीतल्या बाईसाठी, दोघींसाठीही तिथे आधीपासून काहीतरी ठेवलेलं होतं.

ही सोय अपघाताने होत नाही. अर्ध्या तासाच्या जागेत जाहिराती आणि नामावली वजा जाता हातात साधारण बावीस-तेवीस मिनिटं उरतात. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे वाहिनीला तासाला बारा मिनिटांपर्यंत जाहिराती आणि स्वतःच्या कार्यक्रमांची जाहिरातबाजी दाखवता येते, म्हणजे अर्ध्या तासाला सहा मिनिटं. उरलेल्या वेळात लेखक एक मुख्य धागा चालवतो आणि त्याच्या जोडीला एक-दोन बारके धागे. मुख्य धागा आजोबांचा असेल, तर दुसरा मुलांचा असतो. पाळीपाळीने एकेक धागा पुढे सरकतो आणि शेवटच्या दोन-तीन मिनिटांत सगळे एकमेकांत अडकतात, हॉलमध्ये सगळे एकत्र येतात आणि घोळ फुटतो. म्हणजे बावीस मिनिटांतली तुमच्या वाट्याची मिनिटं फार तर सात-आठ. बाकीची मिनिटं दुसऱ्या कुणासाठी लिहिलेली असतात. रेणूला मालिका बोअर वाटते याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. तिच्या वाट्याला आलेला धागा त्या दिवशी दोन मिनिटांचा होता.

उरलेलं अर्धं उत्तर हसण्याच्या स्वभावात आहे.

त्या रात्रीच्या भागात मधुमेह असलेल्या आजोबांनी औषधांच्या डब्यात पेढे लपवले होते. सुनेने डबा उघडला, एक पेढा हातात घेतला आणि शांतपणे विचारलं, "बाबा, या गोळ्या दिवसातून किती वेळा?" आजी पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. रेणूची मुद्राही हलली नाही. सोहम या वाक्याला हसला नाही, पण पुढे शेजारी त्याच डब्यावर बसला आणि पेढे चिकटून उठला, तेव्हा तो सोफ्यावरून घसरला. मामा हसले ते तिसऱ्याच जागी. बाप आणि बायको यांच्यात सापडलेला नवरा "टाकी भरली का बघून येतो" म्हणत गच्चीकडे पळाला, तेव्हा. मामा स्वतः हेच करतात. पवननगरातल्या त्या गच्चीवरची टाकी मामांच्या आयुष्यात किती वेळा भरली असेल, ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

आजीला ठसका आणि रेणूला काहीच नाही, हे कसं? पीटर मॅग्रॉ आणि केलेब वॉरन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी २०१० साली मांडलेला एक विचार इथे उपयोगी पडतो. त्यांचं म्हणणं साधं आहे. काहीतरी रीत मोडली जाते, काहीतरी बिघडतं, आणि त्याच क्षणी त्यात धोका नाही हेही जाणवतं, तेव्हा आपण हसतो. गुदगुल्यांचं उदाहरण घ्या. स्वतःला गुदगुल्या केल्या तर हसू येत नाही, कारण त्यात आगळीक नाही. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाने केल्या तर घाबरायला होतं, कारण त्यात धोका आहे. मैत्रिणीने केल्या तर मात्र हसून पुरेवाट होते. दोन्ही गोष्टी एकदम लागतात.

आता हा नियम घराला लावून पाहा. माझी आजी चांदोरीच्या ज्या घरात सून म्हणून गेली, तिथे सासऱ्यांसमोर आवाज काढणं तर सोडाच, उभं राहायचीही सोय नव्हती. सुनेने सासऱ्यांची अशी फिरकी घ्यायची, ही तिच्या लेखी केवढी मोठी आगळीक! आणि तरी आजोबा रागावत नाहीत, घर मोडत नाही. म्हणून तिला ठसका. रेणूच्या लेखी यात रीत मोडलीच कुठे? ती मामांशी रोज असंच बोलते. तिला हसवायला लागेल एवढी मोठी आगळीक दाखवली, तर आजी चॅनल बदलेल. हलक्याफुलक्या कौटुंबिक मालिकेचा सगळा जीव या चिमट्यात सापडलेला असतो. जे एकीला जरा जास्तच वाटतं, ते दुसरीला मिळमिळीत. मीठ एकाच कढईत घालायचं आणि पंगतीत सत्तरीची आजी आणि एकोणीस वर्षांची नात शेजारी बसलेल्या. म्हणून अशा मालिकेला कोणी पैकीच्या पैकी गुण देत नाही आणि कोणी नापासही करत नाही. मला तरी यात मालिकेची हार दिसत नाही. सगळ्यांना एका खोलीत बसवायचं, हे काम तिने पत्करलं आहे आणि त्याची ही किंमत आहे.

आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रात या भेदाची फार बारीक नोंद आहे. भरताने हसण्याचे सहा प्रकार सांगितले: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. गाल किंचित फुलतात पण दात दिसत नाहीत, ते स्मित. तिथून चढत चढत डोळ्यांत पाणी येऊन, कुशी धरून हसण्यापर्यंत. त्याने यांना उत्तम, मध्यम आणि अधम अशा माणसांत दोन-दोन करून वाटून टाकलं. ती उतरंड आज मला पटत नाही, पण पायऱ्या मात्र खऱ्या आहेत. मामांचं हसू फार तर दुसऱ्या पायरीपर्यंत जातं. सोहम थेट सहाव्या पायरीवर असतो. मामा हसले नाहीत असं रेणूला वाटतं, आणि मामांना मात्र मालिका आवडलेली असते.

त्याच ग्रंथाच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रेक्षकांविषयी सांगताना भरत म्हणतो की तरुण प्रेमाच्या प्रसंगात रमतात, पैशाच्या मागे असलेले अर्थाच्या गोष्टींत, विरक्त मोक्षाच्या, शूर लढाईच्या, आणि म्हातारी माणसं धर्माख्यानांत आणि पुराणांत. हास्य आणि चित्रविचित्र वेशभूषा त्याने मुलं, अडाणी लोक आणि बायका यांच्या वाट्याला टाकली आहेत. बायकांना या यादीत बसवल्याचा मला राग येतो. पण एकाच प्रेक्षागृहात बसलेल्या माणसांना एकच गोष्ट सारखी आवडणार नाही, हे नाटक करणाऱ्याने आधीच गृहीत धरावं, ही जाण त्यात आहे.

आता वहीतली एक जागा सांगते, जी मला अजून टोचते. भागाच्या मध्यावर गावाकडचा एक दूरचा नातेवाईक येतो. त्याने काही चुकीचं केलं नव्हतं, काही गमतीचंही केलं नव्हतं. तो फक्त त्याच्या बोलीत बोलत होता. प्रत्येक वाक्याला मागून हशा, घरातली माणसं एकमेकांकडे बघून डोळे मिचकावतायत. सोहम हसला, मामाही हसले. त्याच वेळी मामी ताटं घेऊन पडद्यातून बाहेर आल्या. त्यांचं माहेर सटाण्याकडचं, आणि बागलाणातल्या कितीतरी घरांप्रमाणे त्यांच्या घरात अहिराणी बोलतात. भावाचा फोन आला की आजही त्यांचा सूर बदलतो. त्यांनी ताटं मांडता मांडता टीव्हीकडे पाहिलं, सोहमकडे पाहिलं, आणि काही न बोलता आत गेल्या. सिडकोत धुळे-जळगाव-मालेगावकडून येऊन वसलेली इतकी कुटुंबं आहेत की त्या गल्लीत त्या वेळी बऱ्याच घरांत असंच काहीतरी झालं असणार.

हसण्याचा हा प्रकार वेगळा आहे. सतराव्या शतकातल्या थॉमस हॉब्ज या इंग्रज तत्त्ववेत्त्याने हसण्याचं मूळ यातच पाहिलं होतं. समोरच्याचा कमीपणा दिसला की आपण त्याच्यापेक्षा वरचढ आहोत असं अचानक वाटतं, आणि त्या भरात हसू फुटतं. पेढ्यांच्या डब्यावरचं हसू सगळ्यांच्या घरातल्या एका गोष्टीवर होतं. बोलीवरचं हसू खोलीतल्या एका माणसाला बाहेर काढून मगच बाकीच्यांना हसवतं. जाड माणसाच्या जाडेपणावरचा विनोद, काळ्या रंगावरचा विनोद, बायकोच्या बिघडलेल्या स्वयंपाकावरचा विनोद, हे सगळे याच घरातले. 'निखळ', 'निर्मळ', 'सहकुटुंब' अशी विशेषणं लावून येणाऱ्या मालिकांत ते सर्रास असतात, कारण त्यांत शिवी नसते आणि अंगप्रदर्शन नसतं. सहकुटुंब म्हणजे कोणाचं कुटुंब, हे मात्र लेखकाने विचारलेलं नसतं. मराठी मालिकांतलं घर बहुतेक वेळा मुंबईचं नाहीतर पुण्याचं. आमच्याकडची बोली आली तर ती बहुधा असा पाहुणा म्हणूनच येते. मला मनापासून वाटतं की त्या घरातल्या आजोबांनीच बागलाणी बोलीत बोलावं आणि हसू त्यांच्या पेढ्यांचं यावं.

रेणूच्या रकान्यात अख्ख्या भागात एकच खूण होती. पण ती मालिकेतल्या कुठल्याच विनोदाला हसली नव्हती. आजीला ठसका लागला, तेव्हा आजीकडे बघून हसली होती. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी माणसं रोजच्या जगण्यात कधी हसतात याचा पाठपुरावा केला, तेव्हा त्यांना दिसलं की एकटं असताना हसण्यापेक्षा सोबत कोणी असताना हसण्याची शक्यता तीसपट असते. एकट्याने कानाला हेडफोन लावून बघितलेली मालिका आणि चौघांत बघितलेली मालिका, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. रेणूने हाच भाग बसमध्ये मोबाइलवर पाहिला असता, तर तिच्या रकान्यात एकही खूण आली नसती. तिने चार मिनिटांत बंद केला असता आणि मालिका वाईट आहे असं सगळ्यांना सांगितलं असतं, आणि तिच्यापुरतं ते खरंही असतं.

मागून ऐकू येणारा तो तयार हशाही याच कारणाने जन्मला. नाटकात नट हशाला थांबतो. पहिल्या रांगेत हसू फुटलं, मग ते बाल्कनीत गेलं, ओसरायला लागलं की पुढचं वाक्य. ज्यांनी नाट्यगृहात नाटक पाहिलंय त्यांना हा श्वास माहीत आहे. टीव्हीवर समोर कोणी नसतं, तेव्हा नटाने थांबायचं कशासाठी? अमेरिकेत पन्नासच्या दशकात चार्ली डग्लस या ध्वनितंत्रज्ञाने एक यंत्र बनवलं. त्यात निरनिराळ्या हशांची मुद्रणं साठवलेली होती, आणि कळ दाबली की हवा तसा हशा मालिकेला जोडता यायचा. घरात एकट्या बसलेल्या माणसाला सोबत मिळाल्याचा भास व्हावा, ही त्यामागची कल्पना. जिथे घरातच पाच माणसं आहेत, तिथे हा हशा मला नकोसा होतो, कारण कुठे हसायचं ते तो आधीच ठरवून टाकतो. गावाकडच्या पाहुण्याच्या प्रत्येक वाक्याला हशा नसता, तर सोहमला ते वाक्य हसण्यासारखं आहे हे कळलंही नसतं.

एवढी भिन्न मतं असताना मालिका चालते की पडते, हे ठरतं कसं? आपल्याकडे २०१५ पासून 'बार्क' ही संस्था प्रेक्षकसंख्या मोजते. निवडलेल्या काही घरांत एक मीटर बसवतात. वाहिन्यांच्या आवाजात एक खूण मिसळलेली असते. कानाला ती ऐकू येत नाही, मीटरला येते. कोणती वाहिनी चालू आहे ते त्यावरून समजतं. घरातलं कोण बघतंय हे कळण्यासाठी प्रत्येकाला रिमोटवर एक बटण दिलेलं असतं. बघायला बसलात की आपलं बटण दाबायचं, उठलात की बंद करायचं. देशात टीव्ही असलेली घरं २० कोटींच्या वर, आणि मीटरची घरं गेल्या काही वर्षांत साधारण ४० ते ६० हजारांच्या दरम्यान. ती घरं कोणती, हे गुप्त ठेवतात.

यात एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. मीटर हसू मोजत नाही, बसणं मोजतं. आजीचा ठसका आणि मोबाइलमध्ये बुडालेली रेणू, दोघी हॉलमध्ये असल्या तर दोघींचं मिनिट सारख्याच मोलाचं. म्हणून कोणालाच फार न आवडणारी पण कोणालाच न उठवणारी मालिका आकड्यांत तगून राहते, आणि थोड्यांना वेड लावणारी पडते. 'साराभाई व्हर्सेस साराभाई' २००४ मध्ये स्टार वनवर आली, तेव्हा तिचे आकडे बेताचेच होते. उच्चभ्रू सासू आणि मध्यमवर्गीय सून यांच्यातली ती धारदार शब्दांची लढाई सगळ्या घराला पुरणारी नव्हती. पुढे पुनःप्रक्षेपणातून आणि इंटरनेटवरून तिचे चाहते इतके वाढले की २०१७ मध्ये नवे भाग थेट ऑनलाइन आले. उलट टोकाला 'तारक मेहता का उल्टा चश्मा'. २८ जुलै २००८ ला सुरू झालेली ही मालिका 'चित्रलेखा' या गुजराती साप्ताहिकातल्या तारक मेहतांच्या सदरावर बेतलेली. एका सोसायटीत गुजराती, मराठी, पंजाबी, तमिळ असे सगळे शेजारी, म्हणजे रकाने आधीच आखलेले. तिने ४ हजार भाग ओलांडले आहेत. तिच्यावर जीव टाकणारी आणि तिचं नाव काढलं की वैतागणारी माणसं एकाच घरात सापडतात.

तो वैताग मला समजतो, आणि त्याचं कारण बहुतेकदा गणितात असतं. आठवड्याला एक भाग म्हणजे वर्षाला ५२. आठवड्याला सहा म्हणजे तीनशेच्या वर. आठवड्याला एक घोळ सुचणं शक्य आहे. रोज एक सुचणं कुठल्याच लेखकाच्या आवाक्यातलं नाही. मग पात्राचा स्वभाव झिजत झिजत एका सवयीवर येतो. चिकट माणूस पहिल्या वर्षी चिकट असतो, प्रेमळही असतो, कधी भित्राही असतो. पाचव्या वर्षी तो नुसता चिकट उरतो. मामा "तेच तेच उगाळतात" म्हणतात ते हेच. टिपरे आठवड्यातून एकदा भेटायचे आणि तीनेक वर्षांत, २००४ मध्ये, निरोप घेऊन गेले. आबा झिजलेले आम्ही पाहिलेच नाहीत. मराठी वाहिन्यांनी विनोदी मालिकेला आठवड्याचा एक दिवस परत द्यावा, असं मला फार वाटतं. लेखकाला श्वास मिळाला तर रेणूचा दोन मिनिटांचा धागा सहा मिनिटांचा होईल, आणि गावाकडच्या पाहुण्याला बोलीपलीकडे काहीतरी स्वभाव मिळेल.

त्या रात्रीच्या भागातली शेवटची नोंद राहिली. घोळ फुटून गेला होता, पेढे वाटून खाल्ले होते, शेवटचं मिनिट चालू होतं. मालिकेतली सून दिवसभरात पहिल्यांदा चहाचा कप घेऊन खुर्चीत बसते. लगेच चारही बाजूंनी हाका. माझा चष्मा, माझा डबा, टॉवेल, गॅस. ती कप टेबलावर ठेवते आणि कपाला म्हणते, "थांब हं, आलेच." मागून हशा नव्हता. आजी अंथरुणाची चादर शोधत होती, मामा उठून उभे राहिले होते, रेणू मोबाइलमध्ये, सोहम रिमोटच्या मागे. चारही रकाने कोरे.

तेवढ्यात पडद्याआडून हसू आलं. एकटीचं, मोठं, थांबून पुन्हा फुटणारं. मी उठून आत पाहिलं. मामी भाकरी थापत होत्या. टीव्ही त्यांना तिथून दिसत नव्हता, पण साडेआठपासूनचा शब्द न् शब्द त्यांनी ऐकला होता. परातीवर वाकून, मनगटाने डोळे पुसत त्या हसत होत्या. बाजूला ओट्यावर त्यांचा स्वतःचा चहा होता, साय धरलेला.

मी वहीत पाचवा रकाना आखला. त्या घरात मीटर असतं, तर त्या मिनिटाला चार बटणं दाबलेली असती. मामींचं बटण बंद असतं, कारण त्या टीव्हीसमोर नव्हत्या आणि त्यांच्या हाताला पीठ होतं.